स्लोव्हेनियातल्या छोट्या बास्केटबॉल क्लबचा इतिहास कसा शोधायचा

एका तरुण प्रशिक्षकाचा प्रश्न आहे. थोडक्यात तो असा: "लुका दोन्चिच आणि गोरान द्रागिच हे बास्केटबॉलपटू ज्या देशातून आले, तिथल्या खालच्या लीगमधल्या एखाद्या क्लबचा इतिहास मला मराठीत लिहायचा आहे. पण कुठलाही क्लब हाती घेतला की त्याची चार-चार नावं निघतात. एकीकडे तो पहिल्या लीगमध्ये दिसतो, दुसरीकडे तिसऱ्या. हा एकच क्लब आहे की चार वेगळे? आणि सुरुवात कुठून करू?"

युरोपातल्या लहान क्लबांच्या नोंदी मी बरीच वर्षं जमवतो आहे आणि त्यात स्लोव्हेनियाच्या फायली सगळ्यात जाड आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार. मुद्द्याचं आधी सांगतो. विजेतेपदांच्या यादीपासून सुरुवात करू नका. अशा क्लबची ती यादी दोन ओळींत संपते, आणि क्लब पन्नास वर्षं टिकला कसा हे त्या दोन ओळींतून कळत नाही. पैसा कोण देत होतं, सामने कुठल्या हॉलमध्ये होत होते आणि मुलं कुठून येत होती, एवढं शोधा. नावांचा, लीगचा आणि सालांचा गुंता त्यातूनच बराचसा सुटत जातो.

नावांपासून सुरू करू, कारण तुमची गाडी तिथेच अडली आहे. आपल्याकडे कंपनीचा संघ म्हटलं की रेल्वे, महिंद्रा, एअर इंडिया आठवतात: खेळाडू कंपनीच्या नोकरीत, संघ कंपनीचा. स्लोव्हेनियातला छोटा क्लब तसा नसतो. तो सभासदांची नोंदणीकृत संस्था असतो, अध्यक्ष बहुतेक वेळा गावातलाच कुणीतरी, मानधन न घेणारा. कंपनी पैसे देते आणि त्या बदल्यात संघाच्या नावात तिचं नाव लागतं. करार संपला की कंपनीचं नाव उतरतं, दुसरं चढतं. क्लब तोच, सभासद तेच, हॉल तोच.

सरावासाठी एकदा ओलिंपियाची नावं पाहून घ्या. हा खालच्या लीगचा क्लब नव्हे, देशातला सगळ्यात मोठा. पण त्याच्या नोंदी भरपूर असल्याने हात बसायला बरा. ल्युब्लियानाचा हा क्लब १९७० च्या दशकात ब्रेस्त ओलिंपिया आणि इस्क्रा ओलिंपिया या नावांनी दिसतो. ब्रेस्त फर्निचरचा कारखाना, इस्क्रा इलेक्ट्रॉनिक्सचा. म्हणजे प्रायोजकाचं नाव लावायची पद्धत, स्लोव्हेनिया ज्याचा भाग होता त्या समाजवादी युगोस्लाव्हियातच होती, ती भांडवलशाहीबरोबर आलेली नाही. १९९४ मध्ये लोझानला युरोपियन कप जिंकला तो स्मेल्ट ओलिंपिया या नावाने. पुढे युनियन ओलिंपिया, मग पेट्रोल ओलिंपिया. इथपर्यंत क्लब एकच. २०१९ मध्ये मात्र झाग्रेबचा सेदेविता आणि हा क्लब एकत्र येऊन सेदेविता ओलिंपिया झाला, आणि तो बदल नुसत्या नावाचा नव्हता. माझ्या नोंदींत तिथे मी रेघ मारून नवं पान सुरू केलंय. प्रत्येक नावबदलाच्या वेळी हाच प्रश्न विचारायचा: कंपनी बदलली की संस्था बदलली?

आता खऱ्या फसव्या जागेकडे येतो. त्सेल्ये शहराच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर, साविन्या नदीकाठी लाश्को नावाचं गाव आहे. गाव लहान, ब्रुअरी मोठी. गावाचा बास्केटबॉल क्लब झ्लातोरोग लाश्को. झ्लातोरोग हे आल्प्समधल्या दंतकथेतल्या सोन्याच्या शिंगांच्या रानबोकडाचं नाव, आणि त्या ब्रुअरीच्या बियरचंही. हा क्लब बरीच वर्षं पिवोवार्ना लाश्को, म्हणजे थेट ब्रुअरीच्या नावाने खेळला. पण त्याच ब्रुअरीचं नाव शेजारच्या त्सेल्येच्या हँडबॉल संघालाही होतं, आणि त्या हँडबॉल संघाच्या हॉलचं नाव झ्लातोरोग! २००४ साली त्सेल्ये पिवोवार्ना लाश्कोने हँडबॉलची युरोपियन चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि त्याच साली पिवोवार्ना लाश्कोने बास्केटबॉलचा स्लोव्हेनियन कप जिंकला. घाईत शोध घेणारा माणूस हे दोन्ही एका क्लबच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. त्सेल्येच्या झ्लातोरोग हॉलमध्ये २०१३ च्या युरोबास्केटचे, म्हणजे युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेचे, सामने झाले, त्यामुळे गोंधळात भरच पडली. लाश्कोच्या बास्केटबॉल क्लबचा हॉल वेगळा, तो त्रि लिलिये नावाचा, गावातलाच. हॉलचं नाव टिपून ठेवायला मी का सांगतो ते इथे लक्षात येईल.

याच धाग्याचं दुसरं टोकही पाहण्यासारखं आहे. युनियन ही ल्युब्लियानाची ब्रुअरी, जिचं नाव ओलिंपियाच्या छातीवर होतं. २००० च्या दशकात लाश्कोच्या ब्रुअरीने मोठ्या संघर्षानंतर युनियन ताब्यात घेतली. म्हणजे मैदानावर एकमेकांसमोर उभ्या राहणाऱ्या दोन संघांचे पैसे अखेर एकाच घरातून येऊ लागले. पुढे लाश्कोची ब्रुअरी कर्जात रुतली आणि २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हाइनकेनने ती घेतली. गावातल्या ब्रुअरीचा निर्णय गावात होणं आणि तो ॲमस्टरडॅममध्ये होणं, यात गावच्या क्लबच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असतो. झ्लातोरोगचा इतिहास लिहिणाऱ्याने ब्रुअरीचे हे व्यवहार सामन्यांच्या निकालांइतकेच बारकाईने पाहायला हवेत.

तुम्ही एकच क्लब निवडणार असाल तर मी शेंतयूर सुचवेन. त्सेल्येच्या पूर्वेला, व्हिएन्ना ते त्रिएस्ते या जुन्या रेल्वेमार्गावरचं पाचेक हजार वस्तीचं गाव. ओळख सांगायची तर संगीतकार बेंयामिन इपावेत्सचं गाव. बास्केटबॉल क्लबची स्थापना १९६९ ची. हा क्लब खालच्या पायऱ्यांवरून चढत २०१५ मध्ये चक्क देशाचा विजेता झाला.

आधी १९६९ बद्दल बोलू, कारण इथे एक सोपी गोष्ट सांगायचा मोह होतो. मे १९७० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची अंतिम फेरी ल्युब्लियानाच्या तिवोली हॉलमध्ये झाली. युगोस्लाव्हियाने अमेरिकेला ७०-६३ असं हरवलं आणि पहिल्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. त्या संघात ओलिंपियाचे तीन स्लोव्हेनियन खेळाडू होते: इवो दानेउ, अल्योशा झोर्गा आणि विंको येलोवात्स. साहजिकच या विजयामुळे गावोगावी क्लब निघाले असं लिहावंसं वाटतं. पण शेंतयूरचा क्लब त्या विजयाच्या आधीचा आहे. लाट आधीच उठली होती. ओलिंपियाने १९५७ पासून १९६६ पर्यंत पाच वेळा युगोस्लाव्हियाचं विजेतेपद घेतलं होतं, १९६७ च्या जागतिक स्पर्धेत दानेउ सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाला रौप्यपदक मिळालं होतं. शिवाय १९६० च्या दशकात हा खेळ उघड्या मैदानावरून छपराखाली आला. तिवोली हॉल १९६५ चा. शाळांची व्यायामगृहं वाढली तसा हिवाळ्यातही खेळ शक्य झाला, आणि ज्या देशात हिवाळ्यात बर्फ पडतं तिथे गावच्या क्लबसाठी याहून मोठी घटना नाही. तुम्ही कुठल्याही क्लबचं स्थापना वर्ष पाहाल तेव्हा त्याच्याशेजारी गावच्या शाळेचं व्यायामगृह कधी बांधलं गेलं ते साल लिहून ठेवा. मला तरी ही दोन सालं फार लांब असलेली क्वचित दिसली आहेत.

शेंतयूरच्या नावात बराच काळ अल्पोस होतं. अल्पोस हा गावातला धातुकामाचा मोठा कारखाना. पुढे नाव आलं तायफून. तायफून कंपनी जंगलात कापलेले ओंडके ओढायची विंचयंत्रं बनवते आणि तिचा कारखाना शेंतयूरच्याच पालिका हद्दीतल्या प्लानिना प्री सेव्निची या खेड्यात आहे. देशाचा निम्म्याहून जास्त भाग जंगलाखाली असल्याने असा कारखाना डोंगरातल्या खेड्यात उभा राहून जगभर माल विकू शकतो. २०१५ चा विजेता संघ याच नावाने खेळला: तायफून शेंतयूर. अंतिम फेरीत समोर होता रोगाश्का, म्हणजे मिनरल वॉटर आणि क्रिस्टल काचेसाठी ओळखल्या जाणाऱ्या रोगाश्का स्लातिना गावाचा क्लब. दोन्ही गावं एकमेकांपासून तासाभरापेक्षा कमी अंतरावर. राजधानीचा ओलिंपिया नाही, नोवो मेस्तोचा क्र्का नाही; देशाची अंतिम लढत दोन छोट्या गावांमध्ये. २०१० पासून सलग पाच वर्षं क्र्का विजेता होता, आणि त्याच्यामागे औषधं बनवणारी बडी कंपनी आहे हे ध्यानात घेतलं की शेंतयूरने काय केलं याचा अंदाज येतो.

विजेतेपदापाठोपाठ २०१५-१६ मध्ये ॲड्रिॲटिक लीगमध्ये, म्हणजे जुन्या युगोस्लाव्हियातल्या देशांच्या सामायिक लीगमध्ये, जागा मिळाली. बेलग्रेड, झाग्रेब, पोडगोरिका इथल्या संघांशी सामने, लांबचे प्रवास, मोठे पगार. त्या लीगच्या पहिल्या विभागातला शेंतयूरचा तो एकच हंगाम. याला अपयश म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. पाच हजारांच्या गावाने एक हंगाम त्या पातळीवर खेळून दाखवला आणि त्यानंतरही क्लब टिकवला, हे मी विजेतेपदाइतकंच महत्त्वाचं मानतो. का, ते कोपरचं उदाहरण पाहिलं की कळेल.

कोपर हे समुद्रकाठचं बंदराचं शहर. तिथला प्रिमोर्स्का क्लब सिक्स्ट या गाडीभाड्याच्या कंपनीच्या नावाने झपाट्याने वर आला. २०१८-१९ मध्ये स्लोव्हेनियाची लीग, कप आणि ॲड्रिॲटिक लीगचा दुसरा विभाग, सगळं जिंकलं. आणि २०२०-२१ च्या हंगामात पैशांअभावी ॲड्रिॲटिक लीगमधून अर्ध्यावरच बाहेर. वर जायला लागला त्याहून कमी वेळ खाली यायला लागला. कोविडने मारलं हे खरंच. २०१९-२० चा हंगाम तर विजेता न ठरवताच थांबवावा लागला होता. पण कोविड सगळ्यांनाच होता. ज्यांच्याकडे गावातलीच मुलं खेळवून पुढचा हंगाम काढायची सोय होती ते तगले.

लीगच्या पातळ्यांबद्दल तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण "पहिली लीग" हे शब्द १९९१ च्या आधी आणि नंतर वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. युगोस्लाव्हियाची सर्वोच्च लीग ही संपूर्ण देशाची होती, आणि छोट्या स्लोव्हेनियन गावांचे क्लब तिथवर पोहोचत नसत. ते खेळायचे स्लोव्हेनिया या प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये किंवा तिच्याही खाली. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि १९९१-९२ पासून स्वतःची लीग सुरू झाली. काल प्रजासत्ताकाच्या लीगमध्ये असलेले क्लब एका उन्हाळ्यात देशाच्या पहिल्या लीगचे झाले. त्यांचा खेळ त्या उन्हाळ्यात तेवढा सुधारला नव्हता, शिडीच नवी उभारली गेली होती. आपला क्लब १९९१ मध्ये वर गेला असं एखाद्या क्लबच्या अंकात वाचाल तेव्हा हे लक्षात ठेवा. नव्या रचनेत पहिली, दुसरी, तिसरी, कधी चौथी अशा पायऱ्या आल्या. मधली बरीच वर्षं पहिल्या लीगचेच "अ" आणि "ब" असे भाग होते, त्यामुळे "पहिली ब" मधला क्लब प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीवर असायचा. तुम्हाला एकच क्लब एका ठिकाणी पहिल्या आणि दुसरीकडे दुसऱ्या लीगमध्ये दिसला असेल, तर बहुधा कारण हेच.

दुसरी अडचण २००१ नंतरची. ॲड्रिॲटिक लीग सुरू झाल्यावर तिच्यात खेळणारे मोठे क्लब देशांतर्गत लीगच्या दुसऱ्या टप्प्यात येऊ लागले. त्यामुळे पहिल्या टप्प्याच्या तक्त्यात लहान गावं वरच्या जागांवर दिसतात. ती कामगिरी खरीच आहे, पण तो तक्ता म्हणजे हंगामाचा शेवट नव्हे. आणि एक: खालच्या लीगमध्ये बढतीचा हक्क मिळूनही ती न घेणारे क्लब असतात. वर गेलं की प्रवास वाढतो, परदेशी खेळाडू घ्यावे लागतात, हॉलच्या अटी कडक होतात. खजिनदार नाही म्हणतो आणि क्लब आहे तिथेच राहतो. म्हणून एखादा संघ दुसऱ्या लीगमध्ये पहिला आला आणि पुढच्या वर्षीही तिथेच दिसला, तर छापील चूक समजू नका.

आता हातात कात्रण असेल तर ते वाचायचं कसं, हे सविस्तर सांगतो, कारण खालच्या लीगचा इतिहास शेवटी कात्रणांतूनच निघतो. स्लोव्हेनियन वृत्तपत्रांतली सामन्याची नोंद फार शिस्तीची असते. वर दोन संघ आणि निकाल. त्याखाली हॉलचं नाव, प्रेक्षकसंख्या, पंचांची नावं. मग प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गुण. शेवटी फ्री थ्रो, तीन गुणांचे बास्केट, वैयक्तिक फाउल आणि पाच फाउल होऊन बाहेर गेलेले खेळाडू. प्रेक्षकसंख्या बहुतेक वेळा दोनशे, तीनशे, पाचशे अशी गोल असते. ती कुणीतरी नजरेने ठरवलेली आहे हे समजून वापरा. पण तुलना म्हणून ती कामाची असते. एरवी दीडशेवर थांबणारा आकडा एखाद्या दिवशी सहाशे दिसला, तर त्या दिवशी शेजारच्या गावाशी सामना होता का हे आधी बघा.

कात्रणावर तारीख नसेल तरी काळ काढता येतो. तीन गुणांचा नियम आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये १९८४ साली आला. नोंदीत तीन गुणांच्या बास्केटांचा स्वतंत्र उल्लेख असेल तर कात्रण त्यानंतरचं. सामना २००० पर्यंत वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत खेळला जायचा, त्यानंतर दहा मिनिटांचे चार भाग आले. कंसात फक्त मध्यंतराचा एकच स्कोअर असेल तर बहुधा २००० च्या आधीचं, आणि चार भागांचे आकडे असतील तर नक्की नंतरचं. "बहुधा" म्हणतो, कारण जागा कमी पडली की संपादक तपशील छाटतो. गुणसंख्येवरून मात्र काळ ठरवू नका. खालच्या लीगमध्ये एका बाजूला शंभर आणि दुसऱ्या बाजूला पन्नास असे सामने प्रत्येक दशकात झाले आहेत.

गावाच्या नावातही मेख आहे. शेंतयूरचं नाव १९५२ पासून पुढे अनेक वर्षं अधिकृतपणे "शेंतयूर प्री त्सेल्यू" असं होतं, आणि स्लोव्हेनियात शेंतयूर नावाच्या इतरही वस्त्या आहेत. जुन्या अंकांत शोधताना पूर्ण नाव वापरा. आणि स्कॅन केलेल्या जुन्या छपाईत संगणकाला अक्षरांवरची टोपणचिन्हं ओळखता येत नाहीत, म्हणून तीच नावं चिन्हांशिवायही शोधून पाहा. एवढ्या साध्या गोष्टीने कितीतरी लपलेल्या नोंदी समोर येतात.

हे अंक मिळतात कुठे? स्लोव्हेनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं डीलिब नावाचं डिजिटल दालन सगळ्यांना खुलं आहे, आणि ग्रंथालयांनी मिळून चालवलेलं काम्रा हे स्थानिक इतिहासाचं दालनही. राजधानीच्या मोठ्या दैनिकांपेक्षा प्रांतिक साप्ताहिकं धरा: त्सेल्ये परिसरासाठी नोवी तेद्निक, नोवो मेस्तोसाठी दोलेन्यस्की लिस्त, वेलेन्येसाठी नाश चास. त्याहून जवळचं म्हणजे कारखान्यांची स्वतःची पत्रं. युगोस्लाव्हियाच्या काळात मोठे कारखाने कामगारांसाठी पत्र काढत. येसेनित्सेच्या पोलाद कारखान्याचं झेलेझार हे त्यातलं नावाजलेलं. उत्पादनाचे आकडे, सुट्ट्यांच्या वसाहती, निवृत्तांचे सत्कार आणि शेवटच्या पानांवर खेळ. लीगच्या अधिकृत यादीत ज्याचं फक्त आडनाव आहे तो खेळाडू कुठल्या विभागात कामाला होता, हे तुम्हाला अशा पत्रात सापडू शकतं.

संस्थेच्या बाजूची चौकशी आयपेस या सरकारी नोंदणी यंत्रणेत करा. तिथे संस्था कधी नोंदली गेली आणि कधी बंद झाली ते दिसतं. क्लबच्या टी-शर्टवरचं साल आणि नोंदणीचं साल वेगळं असेल तर घाबरू नका. कर्जात गेलेला क्लब बंद होऊन त्याच हॉलमध्ये, त्याच रंगांत नवी संस्था सुरू होणं घडतं. काही ठिकाणी मुलांचा विभाग आधीपासूनच स्वतंत्र संस्था म्हणून नोंदलेला असतो, म्हणजे मोठ्यांचा संघ बुडाला तरी लहान मुलांचे सराव थांबत नाहीत. माझ्या दृष्टीने क्लबचं खरं सातत्य तिथे असतं. नोंदणी क्रमांक बदलला, पण अकरा वर्षांखालची मुलं त्याच शाळेतून त्याच संध्याकाळी येत राहिली, तर मी तो तोच क्लब धरतो. कायदा पाहणारा माणूस वेगळं म्हणेल. तुमच्या लेखात दोन्ही सालं द्या.

मुलांवर मी इतका भर देतो याचं कारण बेनो उद्रिह. साविन्या खोरं हा हॉप्सच्या शेतीचा पट्टा, उंच दांड्यांवर चढवलेले वेल मैलोन् मैल. त्यातलं पोल्झेला हे छोटं गाव, मोज्यांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध, आणि त्याच्या बास्केटबॉल क्लबच्या नावातच हॉप्स: साविन्यस्की हॉप्सी पोल्झेला. उद्रिह तिथून ओलिंपियात गेला, मग परदेशात, आणि २००४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, सॅन अँटोनियोने त्याला २८ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आधीचा, २७ वा क्रमांक होता मारिबोरमध्ये जन्मलेल्या साशा वुयाचिचचा. वीस लाखांच्या देशातले दोन खेळाडू लागोपाठ! उद्रिहने सॅन अँटोनियोबरोबर २००५ आणि २००७ अशी दोन विजेतेपदं पाहिली. पोल्झेला क्लबने देशाची लीग कधी जिंकलेली नाही. त्याचा इतिहास विजेतेपदांच्या रकान्यात शोधणाऱ्याला कोरं पान मिळेल.

गोरान द्रागिचही असाच. फुटबॉल सोडून बास्केटबॉलकडे आलेला ल्युब्लियानाचा मुलगा २००३-०४ मध्ये इलिरियाकडून दुसऱ्या लीगमध्ये खेळला, मग स्लोवान, पुढे स्पेन, ओलिंपिया आणि २००८ मध्ये एनबीए ड्राफ्टमधला ४५ वा क्रमांक. १७ सप्टेंबर २०१७ ला इस्तंबूलमध्ये स्लोव्हेनियाने सर्बियाला ९३-८५ असं हरवून युरोपचं विजेतेपद घेतलं, त्यात द्रागिचचे ३५ गुण होते. सतरा-अठराव्या वर्षी ज्याला मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहावं लागलं असतं, त्याला दुसऱ्या लीगमध्ये पूर्ण सामने खेळायला मिळाले. प्रशिक्षक म्हणून माझं ठाम मत आहे की खालच्या लीगची सगळ्यात मोठी देणगी ही मिनिटं आहेत. तुम्ही क्लबच्या जुन्या नोंदी पाहाल तेव्हा कोण किती गुण करतो यापेक्षा कुठल्या वयाची मुलं मैदानावर आहेत हे टिपा.

लुका दोन्चिचचं श्रेय मात्र कुठल्याही खालच्या लीगच्या क्लबला देऊ नका. तो लहानपणीच ओलिंपियाच्या वयोगटांत होता आणि २०१२ मध्ये, तेराव्या वर्षी, रेआल माद्रिदला गेला. त्याची वाट वेगळी होती, आणि ती ओढूनताणून या गोष्टीत आणली तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

हॉलबद्दल एक राहिलं. जमलं तर खालच्या लीगच्या एखाद्या सामन्याचं चित्रण पाहा आणि चेंडूकडे न बघता जमिनीकडे बघा. हँडबॉलच्या, व्हॉलीबॉलच्या, बॅडमिंटनच्या रेषा वेगवेगळ्या रंगांत एकमेकींवर चढलेल्या दिसतील. भिंतीला लाकडी आडव्या पट्ट्यांचे जिम्नॅस्टिकचे चौकट, एका बाजूला सरकवून उघडायचे प्रेक्षकांचे बाक, दुसऱ्या बाजूला फक्त खेळाडूंच्या खुर्च्या. ते शाळेचं व्यायामगृह आहे. सोमवारी सकाळी तिथे तिसरीचा पी.टी.चा तास भरेल. क्लबला सरावाचे तास शाळेकडून किंवा पालिकेकडून मिळतात, आणि आठवड्यातले कुठले तास मिळाले यावर क्लब किती वयोगटांचे संघ चालवू शकेल हे ठरतं. शोश्तान्यसारख्या गावात, जिथे औष्णिक वीज केंद्रामुळे क्लबचं नाव एलेक्त्रा पडलं आणि २०००च्या दशकात तो पहिल्या लीगमध्ये खेळला, तिथेही वीज केंद्राच्या पैशाइतकाच हा तासांचा हिशेब महत्त्वाचा. म्हणून पालिकेच्या ठरावांत हॉलच्या वेळांचं वाटप सापडलं तर त्याची नक्कल जरूर काढून ठेवा.

तर शेंतयूर घ्या. पहिल्या महिन्यात सामन्यांचे निकाल जमवूच नका. १९६९ च्या आसपासची शाळा आणि व्यायामगृह, अल्पोसचा काळ, तायफूनचा करार कधीपासून, आणि मुलांचा विभाग कुठल्या संस्थेखाली नोंदलेला आहे, एवढी चार पानं आधी भरा. मग २०१४-१५ च्या हंगामाची कात्रणं काढा आणि अंतिम फेरीतल्या संघातले किती जण याच परिसरात लहानाचे मोठे झाले ते मोजा. तो आकडा मलाही हवा आहे. मिळाला की जरूर कळवा.